दुधरामचा दम

१२ जून १९५५, गोंदिया

आजपासून पुन्हा रोजनिशी. नागपूरला कॉलेजात असताना आमचे खेळाचे सर म्हणायचे, मैदानावरून आलात की चार ओळी लिहा. पाय विसरतात, कागद विसरत नाही. तेव्हा लिहीत होतो. कॉलेज सुटलं, खेळ सुटला, लिहिणंही सुटलं. त्यानंतर तहसील कचेरीत कागदांच्या नकला करत बसलो.

काल तो राजीनामा दिला. ईश्वरदास शेठ, ज्यांची स्टेशनापलीकडे भाताची गिरणी आहे, त्यांना बास्केटबॉलची टीम उभी करायची आहे. त्यांचा मुलगा ताराचंद जबलपूरला शिकताना हा खेळ खेळून आला आणि वडिलांना त्याचं वेड लावलं. शेठ म्हणाले, "देखो मास्टर, नागपूर का कप गोंदिया में आना चाहिए. बाकी सब हम देख लेंगे." मला दर महिन्याला पगार मिळणार. फक्त खेळ शिकवण्याचा.

गावी वडिलांना सांगितलं. ते म्हणाले, "खेळ शिकवाचा पगार भेटते? मंग झोपा काढाचाही भेटत असन. तोही पाहून ठेव."

बायको मंदा मात्र हसली नाही. माझ्या ताटात भात वाढता वाढता म्हणाली, "नागपूरवाल्यायनं तुमाले टीममंधी घेतलं नोतं, ते दुःख तुमी अजून धरूनच आहा."

हे लिहायचं नव्हतं. पण खरं आहे. मी कॉलेजचा कॅप्टन होतो. प्रांताच्या संघाची निवड झाली तेव्हा माझं नाव नव्हतं. निवड करणारे चुकले नव्हते. मला खेळ कळत होता, पण अंग तेवढं नव्हतं. डोक्यात जे दिसायचं ते हातून अर्धंच व्हायचं.

३ जुलै

मैदान तयार. गिरणीमागच्या पडीक जागेवर मुरूम घातला, सागाचे खांब रोवले. कडी गिरणीच्या लोहारानं वळून दिली, जाळी मासे धरणाऱ्या ढिवराकडून विणून आणली. मैदानाला मध्ये किंचित उंचवटा ठेवला आहे, म्हणजे पाणी दोन्हीकडं निघून जाईल. आमच्या कोहळी लोकांच्या कित्येक पिढ्या तलाव बांधण्यात गेल्या. पाण्याला वाट कुठून द्यायची हे आम्हाला शिकवावं लागत नाही.

पोरं आली आहेत. दोन रेल्वेत काम शिकणारे उमेदवार, एक बिडीवाल्यांचा मुलगा, बाकी शाळा सोडलेले. ताराचंद बरा खेळतो. उंच कोणी नाही.

१७ नोव्हेंबर, प्रतापगडाच्या पायथ्याशी

दिवाळीला सासरी आलो आहे. आज जे पाहिलं ते लिहिल्याशिवाय राहवत नाही.

मंदाचा धाकटा भाऊ दुधराम धानाचा पुंजणा रचत होता. म्हणजे वर सासरे उभे, आणि हा खालून पेंढ्या फेकत होता. लग्नात पाहिला तेव्हा पोरसवदा होता. आता दाराच्या चौकटीत वाकून शिरावं लागतं एवढा उंच. पेंढी एका हातानं उचलायचा, मनगट वळवायचा, आणि ती पुंजण्याच्या टोकावर जिथं हवी तिथंच जाऊन बसायची. सासऱ्यांना हात पुढं करावा लागत नव्हता. मी बराच वेळ बांधावर उभा राहून पाहत होतो. एकही पेंढी चुकली नाही. असं मनगट मी नागपुरातसुद्धा पाहिलं नाही.

जेवताना म्हटलं, दुधरामला गोंदियाला नेतो.

मंदाचा हात थांबला. "त्याले नोका नेऊ. लायनपनी त्याचे सांधे धरले होते. एक गुडघा उतरे त मंग दुसरा सुजे. ताप जाये नाई. कितीक दिवस खाटेवर होता. वैद्यानं सांगतलं होतं, याले जपजा म्हनून."

मी म्हणालो, "तो दिवसभर पेंढ्या फेकतो आहे, त्याला काय होणार आहे?"

आई गेल्यावर हिनंच त्याला वाढवला, त्यामुळे तो अजून हिला लहानच दिसतो.

सासरे उदाराममामा म्हणाले, "न्या जी जवाई. पन रोवण्याले धाडजा. माज्या एकट्याच्यानं होत नाई आता."

दुधरामला विचारलं, येतोस का? त्यानं बहिणीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "तुमी म्हनता त येतो, भाऊजी."

९ डिसेंबर

दुधरामला चेंडू शिकवावा लागत नाही. दाखवला की येतो. फक्त मैदानावर मला भाऊजी म्हणतो आणि सगळे हसतात. मी सांगितलं, इथं सर म्हणायचं. आज चेंडू हवा होता तेव्हा ओरडला, "सरभाऊजी!" ताराचंद हसून हसून खाली बसला.

खरं तर मीही हसलो. कित्येक वर्षांनी मैदानावर हसलो असेन.

४ मार्च १९५६

रायपूरच्या संघाला हरवलं. दुधरामला कडीखाली उभं केलं की समोरच्यांना काही सुचत नाही. माझ्या डोक्यात जे यायचं आणि हातून व्हायचं नाही, ते हा पोरगा मी न सांगता करतो. मी काठावर उभा असतो आणि मनात म्हणतो, आता डावीकडं, आणि तो डावीकडं वळलेला असतो. हे सुख काय आहे ते कोणाला सांगता येणार नाही. मंदाला सांगायचा प्रयत्न केला. ती म्हणाली, "तो जेवला काय पोटभर?"

२२ जुलै

रोवण्यासाठी, म्हणजे धानाच्या लावणीसाठी, मामांनी निरोप पाठवला. मी दुधरामला पाठवलं नाही. आता कुठं त्याच्या पायांना लय आली आहे. चिखलात पंधरवडा गेला की सगळं विसरेल. मामांना दोन मजूर लावायला सांगितलं.

सराव संपल्यावर तो गिरणीच्या कुंपणापाशी उभा होता. पलीकडच्या धानाच्या बांधीत बाया गाणी म्हणत रोवणं करत होत्या. मी हाक मारली तर त्याला ऐकूच आलं नाही. गाण्याचा शौक असावा.

१८ नोव्हेंबर, नागपूर

हरलो. शेवटच्या चारात आलो आणि हरलो.

आमचं गोंदिया आता मुंबई राज्यात गेलं. इथं सगळे त्याचीच चर्चा करत आहेत. मला दुसरंच दिसत होतं. सामना हातात होता. शेवटच्या पाच मिनिटांत दुधराम थांबला. म्हणजे अक्षरशः थांबला, गुडघ्यांवर हात ठेवून, तोंड उघडं टाकून. चेंडू त्याच्या शेजारून गेला. मी एवढा ओरडलो की पंचानं मला ताकीद दिली.

नंतर विचारलं, "काय झालं होतं?"

"काई नाई भाऊजी. दम लागला."

"दम सगळ्यांनाच लागतो. तो लागल्यावर पळतो त्याला खेळाडू म्हणतात."

त्यानं मान हलवली. वाद घालत नाही, हा त्याचा गुण आहे.

२१ नोव्हेंबर

शेठनी गिरणीच्या गादीवर बोलावलं. रागावले नाहीत, तेच वाईट. म्हणाले, "एक साल और. अगले साल कप नहीं आया तो क्लब बंद. तुम्हारे लिए गिरणी में बोरे गिनने का काम है, मास्टर, भूखा नहीं रखेंगे."

मी बाहेर आलो तर दुधराम दाराशी बसून चेंडूत हवा भरत होता. मला पाहून पंप बाजूला ठेवला. वाटेत म्हणाला, "पुढच्या साली आनू जी कप." एवढंच. पोराला जिद्द आली, हे एका अर्थी बरंच झालं.

मी स्वतः मात्र घाबरलो आहे. तहसिलीत आता परत घेणार नाहीत. मी खेळाडू म्हणून दुय्यम निघालो. शिकवणारा म्हणूनही दुय्यम निघालो तर मग मी कोण? हे मंदाला बोललो नाही. तिच्यासमोर पोरांच्या चुका सांगत बसलो.

१० फेब्रुवारी १९५७

सकाळी रुळाच्या कडेनं हिरडामालीच्या बाजूला पळायला नेतो सगळ्यांना. दुधराम पूर्वी सर्वांत पुढं असायचा, आता मागं पडतो. मध्येच उभा राहतो, खोकतो. गिरणीचा भुसा आहे हा. दिवसभर हवेत तोच उडतो, माझाही घसा धरतो. सराव पहाटेच घ्यायचा, गिरणी सुरू व्हायच्या आधी, असं ठरवलं आहे.

२६ फेब्रुवारी

दुधरामचे बूट लहान झाले. गेल्या दिवाळीला घेतलेले. या वयातही वाढतो आहे म्हणजे कमाल. शेठना सांगून कलकत्त्याहून मोठे मागवले.

मंदा म्हणाली, "पाय वाढले नाई जी, सुजले आहेत. मी बोट दाबून पाह्यलं. खड्डा पडला, भरूनच येये नाई."

"दिवसभर उड्या मारतो. सुजणारच."

"एकदा डाक्टरले दाखवा."

"तुला जिथं तिथं आजारच दिसतो. तो अंग राखायला शिकला आहे, एवढाच आजार आहे त्याला."

ती उठली. मीठ घालून कढत पाणी केलं आणि त्याचे पाय त्यात धरून बसली, लहान पोराचे धरावेत तसे. तो लाजला. "सोड न बाई," म्हणाला. तिनं सोडले नाहीत.

१ एप्रिल

गंमत लिहितो. दुधराम आता खाटेवर निजत नाही. रुळांकडच्या ओसरीत भिंतीला पाठ लावतो, मागं घोंगडी घडी करून ठेवतो आणि बसल्या बसल्या झोपतो. विचारलं तर म्हणाला, "असं बसलं त गाड्या दिसते जी." खेड्यातल्या माणसाला इंजिनाचं नवल असतंच. मीही नागपूरला पहिले काही दिवस पुलावर जाऊन बसायचो.

महाशिवरात्रीच्या जत्रेला मंदा माहेरी गेली होती. गडावर महादेवाला नवस बोलून आली आणि दर्ग्यावर चादरही कबूल करून आली. मला वाटलं मूल व्हावं म्हणून. विचारलं नाही.

८ जुलै

या वर्षी दुधरामनं स्वतःच रोवण्याला जायचं नाव काढलं. मी जाऊ दिलं. नागपूरला अजून अवकाश आहे, आणि त्याचा चेहरा उतरला होता. गावची हवा लागेल.

१५ जुलै

परत आला, आठवडाही झाला नाही. मामांनी सोबत आलेल्या माणसाकडून निरोप दिला की याच्यानं बांधीत उतरवत नाही, दोन ओळी रोवल्या की बांधावर जाऊन बसते, जवाई, तुमी पाहा काय ते.

शहरात राहून अंग नाजूक झालं. मी म्हटलं, "गड्या, शेतकऱ्याचं पोर ना तू?" तो हसला. त्याचं हसणं पूर्वी मोठं असायचं.

पाहा म्हणतात. मी रोजच तर पाहतो आहे त्याला. त्याच्याशिवाय दुसरं काय पाहतो?

२० सप्टेंबर

एक बातमी. दुर्गच्या पुढं पोलादाचा मोठा कारखाना उभा राहतो आहे, त्याच्या वसाहतीत सगळ्या खेळांचे संघ करणार आहेत. बास्केटबॉलला पगारी प्रशिक्षक हवा आहे. प्रशिक्षक हा शब्द मी प्रथमच छापलेला पाहिला. अर्ज केला. त्यांची माणसं नागपूरचे सामने पाहायला येणार आहेत.

मंदाला सांगितलं. दुधराम तिथंच होता. म्हणाला, "तिकडं भाऊजी सायेब होतीन." मंदा त्याच्याकडं पाहत राहिली. या भावाबहिणींच्यात हल्ली काहीतरी चाललेलं असतं. मी आलो की बोलणं थांबतं.

१४ नोव्हेंबर, नागपूर

उद्या अंतिम सामना. दुधरामला मी या तीन सामन्यांत राखून वापरलं. थोडा खेळवायचा, बसवायचा. उद्या मात्र पूर्ण वेळ लागणार. रेल्वेचा संघ आहे, एकेक जण बैलासारखा.

पोलाद कारखान्याचे दोन साहेब आले आहेत. आज त्यांनी माझ्याशी इंग्रजीत बोलून पाहिलं. दुधरामकडं बोट करून विचारलं, याला तुम्ही तयार केलंत? मी हो म्हणालो. ते म्हणताना छाती भरून आली.

१५ नोव्हेंबर

कप आला.

अर्ध्या वेळेला आम्ही मागं होतो. पोरं पाणी पीत होती. दुधराम माझ्याजवळ आला. ओठ कसेतरीच दिसत होते, जांभूळ खाल्ल्यासारखे. म्हणाला, "भाऊजी, थोडा बसू काय?"

मी म्हणालो, "कप आल्यावर बस."

तो परत गेला. आणि काय खेळला! पळालाच नाही. मैदानाच्या एका कोपऱ्यातून चालत चालत दुसरीकडं जायचा, कडीखाली उभा राहायचा, आणि चेंडू हातात आला की ते मनगट. कुणाच्या डोक्यावरून, कुणाच्या बगलेतून. ताराचंदनं चेंडू द्यायचा आणि यानं वर सोडायचा, पाहायचंसुद्धा नाही. शेवटी प्रेक्षक उभे राहिले होते. मला वाटलं, हा आता खेळाच्या पलीकडं गेला, याला पळायची गरजच उरली नाही. शेठनी मला सगळ्यांदेखत मिठी मारली.

शिट्टी झाल्यावर तो खाली बसला आणि उठेना. पोरं म्हणत होती, दमला आहे, दमला आहे. टॉवेल तोंडाला लावून होता. टॉवेल मी घेतला. त्यावर फेस होता, गुलाबी.

१६ नोव्हेंबर, नागपूर, इस्पितळ

डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. वयस्कर गृहस्थ आहेत. म्हणाले, "हा खेळत होता?"

"हो."

"बास्केटबॉल?" पुन्हा विचारलं. "आणि याला शिकवत कोण होतं?"

"मी."

मग त्यांनी समजावून सांगितलं. लहानपणी सांधे धरणारा ताप सांधे सोडून जातो, पण हृदयाला धरून ठेवतो. आतली झडप आकसते. रक्त पुढं जात नाही, मागं फुप्फुसात तुंबतं. पायांना सूज येते, आडवं झालं की जीव घाबरतो, म्हणून असे रोगी बसून झोपतात. मद्रासकडं आणि मुंबईला आता यावर शस्त्रक्रिया करू लागले आहेत, पण त्याला दोन-तीन वर्षांपूर्वी न्यायला हवं होतं. आता हृदय फार मोठं झालं आहे.

"जिना चढताना दम लागत असेल त्याला. तुमच्या लक्षात आलं नाही?"

मी म्हणालो, "आमच्याकडं जिना नाही."

हे उत्तर मी दिलं.

१९ नोव्हेंबर

मंदा आली. मी स्टेशनावर गेलो होतो. वाटेत सगळं सांगितलं, डॉक्टरांनी सांगितलं तसं. मला वाटलं ती मला काहीतरी बोलेल. बोलली असती तर बरं झालं असतं. टांग्यात बाहेर पाहत म्हणाली, "त्याची छाती लायनपनापासून घरघर वाजे. मी कुशीत घेऊन झोपे तवा आयकू येये. माले वाटे, साऱ्यायचीच वाजत असन."

मग म्हणाली, "त्याले मी सांगून पाह्यलं होतं, घरी चाल म्हनून. उन्हाळ्यातच. म्हने, 'कप आला का येतो. नाईत भाऊजीचं काम जाते.' माज्या गळ्याची आन घातली त्यानं, तुमाले सांगाचं नाई म्हनून."

मी टांगा थांबवायला सांगितला. उतरलो. रस्त्याच्या कडेला उभा राहिलो. टांगेवाला विचारत होता, काय झालं साहेब? मंदा म्हणाली, "काई नाई. येतीन ते."

२ डिसेंबर, प्रतापगडाच्या पायथ्याशी

डॉक्टर म्हणाले, घरी न्या. छोट्या रेल्वेगाडीनं अर्जुनीपर्यंत आणि तिथून बैलगाडीनं. रस्त्यात प्रत्येक खड्ड्याला मंदा त्याचं डोकं छातीशी धरत होती.

त्याला अंगणात टेकून बसवतो, समोर तलावाची पाळ दिसते. पायांची सूज औषधानं थोडी उतरली आहे. दिवसा बरा बोलतो. मामा आपलं काम करतात, येता जाता त्याच्या डोक्यावर हात ठेवतात. या घरात कोणी मला एक शब्द बोलत नाही. जेवायला वाढतात, हात धुवायला पाणी देतात, जावयाला द्यावा तो पाट देतात.

ताराचंद गोंदियाहून आला होता. कप घेऊन आला होता, दुधरामला दाखवायला. "यार, तेरा है ये," म्हणत रडू लागला. दुधरामनंच त्याला समजावलं. कप हातात घेऊन पाहिला, आत डोकावला आणि म्हणाला, "याच्यात किती धान माईन?" मामासुद्धा हसले.

६ डिसेंबर

ताराचंदजवळ माझ्या नावचं पत्रही आलं होतं. पोलाद कारखान्याची नेमणूक. मी कोणाला सांगितलं नव्हतं. आज दुधरामनं विचारलं, "भाऊजी, तिकडचं काम झालं काय जी?"

मी म्हणालो, "झालं."

"पक्कं?"

"पक्कं."

"मंग बरं," म्हणाला आणि डोळे मिटले. थोड्या वेळानं डोळे न उघडता, "तिथं मैदानावर भुसा नसन."

मला म्हणायचं होतं, तुला बसू दिलं नाही रे. शब्द तोंडाशी आले आणि मंदा पेज घेऊन आली. नंतर म्हणू, असं ठरवलं.

८ डिसेंबर

दुधराम दुपारी गेला. मंदा पेज भरवत होती. दोन घास घेतले आणि तिसरा घेतला नाही.

११ डिसेंबर

परवा सकाळी तलावाच्या खालच्या अंगाला जाळलं. उंची एवढी की तिरडीला बांबू जोडावा लागला.

आज राख सावडून परत आल्यावर मी मागच्या अंगणात जाऊन बसलो होतो. उदाराममामा आले. मला वाटलं आता बोलतील. एकुलता एक मुलगा होता. रोवण्याला धाडा म्हणाले होते, पाहा म्हणून निरोप धाडला होता, आणि मी काहीच पाहिलं नव्हतं. ते माझ्यासमोर उभे राहिले. म्हातारे हात, चितेची राख अजून नखांत.

"जवाई," म्हणाले, "चाला. जेवून घ्या. सकारपासून उपाशी आहा."

मी उठलो आणि त्यांच्या पाया पडायला वाकलो. त्यांनी मला वाकू दिलं नाही. दंडाला धरून आत नेलं. ते समोर बसून, मी जेवेपर्यंत, पाहत राहिले.

२९ डिसेंबर, गोंदिया

एकटाच आहे. मंदा माहेरीच. शेठनी गिरणीच्या फाटकावर माझ्यासाठी हार ठेवले होते. मी मागच्या वाटेनं निघून आलो. ते घरी आले. खाटेवर बसले, बराच वेळ टोपी हातात फिरवत होते. "मास्टर, मुझे मालूम होता तो..." म्हणाले आणि पुढं बोलता आलं नाही. मीही तेच वाक्य रोज मनात म्हणतो आणि मलाही पुढं जाता येत नाही. कारण मालूम व्हायला काय लागतं? सगळं तर समोरच होतं. मीच इथं लिहून ठेवलं आहे. मागची पानं काल वाचली. बूट, खोकला, गाड्या पाहत बसणं. वाचताना माझ्याच अक्षराला ओरडून सांगावंसं वाटत होतं.

१७ जानेवारी १९५८

उद्या निघायचं आहे. आज मंदा मामांबरोबर आली. भांडीकुंडी आवरली, माझे कपडे पेटीत घातले, सदऱ्याचं तुटलेलं बटण लावलं. मामा बाजारात गेले तेव्हा पदर सावरत म्हणाली, "माले ते मैदान पाहाचं आहे."

ती आजवर तिथं कधी आली नव्हती. गिरणीच्या मागं आम्ही दोघं गेलो. ऊन उतरलं होतं, पोरं नव्हती. क्लबचा एक चेंडू कुंपणाशी पडला होता.

"तो कोठी उभा राहे?"

मी दाखवलं. कडीच्या थोडं डावीकडं, जिथं मुरूम पायांनी घासून पांढरा झाला आहे. ती जाऊन तिथं उभी राहिली. वर कडीकडं पाहिलं. पांढऱ्या जागेवर पाय जुळवून ठेवले. मी काठावर उभा होतो, माझ्या नेहमीच्या जागी, आणि मला कळेना की तिच्याजवळ जावं की तिथंच राहावं.

"तो चेंडू द्या."

मी नेऊन दिला. तिनं दोन्ही हातांत घेतला आणि तिचे हात खाली गेले.

"एवढा जड असते?"

"हो," मी म्हणालो.

तिनं तो पोटाशी धरला. फेकला नाही, खालीही ठेवला नाही. गिरणीचा भोंगा झाला, कामगार बाहेर पडू लागले, काही थांबून आमच्याकडं पाहू लागले. मी तिला जे बोलायचं होतं ते बोललो. कप आल्यावर बस म्हणालो होतो, ते सांगितलं. हे तिला कोणी सांगितलं नसेल असं मला वाटत होतं. ती ऐकत होती. चेहरा तसाच.

"माहीत आहे," म्हणाली. "त्यानंच सांगतलं होतं. म्हने, 'बाई, भाऊजीले बोलू नोको. त्याइले माहीत नोतं.'"

मग तिनं चेंडू माझ्या हातात दिला आणि पदरानं तळवे पुसले.

"तुमी जा तिकडं. बाबा एकटा आहे. सध्या नाई येत मी."

परत येताना ती दोन पावलं पुढं चालत होती. सध्या, म्हणाली. मला वाटलं तिनं तो शब्द दोनदा म्हटला. पण नाही, तिनं एकदाच म्हटला होता.